गंजाला रेघ कळत नाही

"ताई, तुझ्या भिंती धुवायला काढल्यात," धाकटी दारातूनच म्हणाली. अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

"माझ्या कुठल्या भिंती?"

"किती इस्टेट आहे गं तुझी? वाचनालयातल्या."

थोरल्या बाई मटार सोलत बसल्या होत्या. सोलतच राहिल्या. "धूळ पुसत असतील. तीस वर्षांनी का होईना, जाग आली म्हणायची."

"धूळ नाही पुसत. ॲसिड लावतायत. गंजाचे डाग काढायचं असतं ना, ते. तीन पॅनेल झाली. पांढरी फटक पडलीयत. मी विचारलं, हे काय चाललंय, तर तो साहेब म्हणतो, बघा आजी, आता कसं स्वच्छ दिसतं."

शेंग हातात उघडी राहिली. बाईंनी ताट बाजूला सारलं. उठल्या. एवढंच म्हणाल्या, "माझा चष्मा कुठाय?"

"डोक्यावर."

या थोरल्या बाईंना सगळे हिराकसबाई म्हणतात. खरं नाव बँकेच्या पासबुकात आहे, तिथंच ते सुखाने राहतं. हिराकस म्हणजे हिरवट खडे. पाण्यात टाकले की विरघळतात. चव तुरट, आणि पोटात लोखंड. कारखान्यातल्या लोकांनी नाव ठेवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बाईंचं काम होतं की बाईंचा स्वभाव, हे कुणी कधी कबूल केलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी त्या फर्निचरच्या कारखान्यात लागल्या, लाकडाचे पापुद्रे मोजून रचायला. व्हिनियर म्हणतात तेच. ओंडका फिरवून किंवा सपाट कापून काढलेली लाकडाची पानं, नखाएवढ्या जाडीची. तिथं एक म्हातारे रंगारी होते. नजर गेली होती, जीभ शाबूत होती. कुठलंही लाकूड आलं की ते त्याची ढलपी तोंडात टाकत, सावकाश चावत, आणि निकाल देत. "हे फार तुरट. हिराकसात घालशील तर कोळशासारखं काळं पडेल." किंवा, "हे गोडं. याला काहीच चढणार नाही." मधलं एखादं मिळालं की मात्र त्यांचा चेहरा खुलायचा. "हे घे. हे चांदी होईल."

लाकडातला तुरटपणा आणि हिराकसातलं लोखंड, दोघांची गाठ पडली की रंग उमटतो. तुरटपणा अगदी बेताचा हवा. म्हणून लागतं एक पांढरं, घट्ट विणीचं, कठीण लाकूड. त्यात काही ओंडक्यांत आडव्या लाटा असतात, वाळूवर पाणी ओसरल्यावर राहतात तशा. असं लाकूड नऊ दिवस हिराकसाच्या पाण्यात राहिलं की ते रुपेरी राखाडी होतं. आणि लाटा हलायला लागतात. खरोखर हलतात. तुम्ही समोरून चालत गेलात की उजेड एका लाटेवरून दुसरीवर सरकतो.

म्हातारे गेले. टाकी बाईंकडे आली. त्यांनीही ढलप्या चावल्या, एकोणचाळीस वर्षं. डाव्या दाढा त्यातच गेल्या असं त्या सांगतात. धाकटी म्हणते, दाढा चिक्कीने गेल्या.

काम सोपं नव्हतं. वरून ब्रशने रंग फासला तर तो कातडीसारखा वर बसतो. पॉलिशवाल्याने जरा जास्त घासलं की खालचं पांढरं डोकावतं. म्हणून बुडवायचं. पूर्ण पोटापर्यंत. टाकीत एक खिळा चुकून पडला तर पान गेलं, त्यावर काळा ठिपका पडतो आणि तो देवबाप्पा आला तरी जात नाही. पाणी बदललं तर छटा बदलते. ओंडका बदलला तर सगळंच बदलतं. एकाच ओंडक्याची पानं एकाच दिवशी आत, एकाच दिवशी बाहेर. मग वजनाखाली वाळवायची, नाहीतर पापडासारखी वळतात.

या लाकडाचं मोठं सामान होत नसे. त्याची घड्याळांची पेटी होई, दागिन्यांचा डबा होई, टेबलाच्या कडेची पट्टी होई. लाकडात लाकूड जडवून चित्र करताना पाणी दाखवायचं असेल, ढग दाखवायचा असेल, पक्ष्याची पाठ दाखवायची असेल, की कारागीर बाईंच्या टाकीकडे येई. एक वाद्यं बनवणारा तर दर वर्षी दोन पानं न्यायचा. कशाला लागतात विचारलं तर म्हणायचा, "आवाजाला नाही लागत. आवाज ऐकायला लोकांनी जवळ यावं म्हणून लागतात."

आणि एकतीस वर्षांपूर्वी, फक्त एकदाच, त्यांनी भिंती केल्या. वाचनालयाच्या मोठ्या खोलीच्या. चौदा पॅनेल, प्रत्येकात दोन पानं. ओंडक्यातली लगतची दोन, पुस्तक उघडावं तशी शेजारी शेजारी लावलेली, म्हणजे डावीकडची लाट उजवीकडे आरशात पाहिल्यासारखी दिसते. अठ्ठावीस पानं. सगळी एका ओंडक्याची. तसा ओंडका पुन्हा आला नाही. नंतर कारखानाच गेला.

रस्त्यात धाकटी सोबत चालत होती. तिने शाळेत गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी वाचनालयात जाऊन ती वर्तमानपत्रातली कोडी सोडवायची, तीही पेनाने.

"ताई, हळू चाल. धाप लागेल."

"एका पॅनेलला किती वेळ लागतो त्यांना?"

"अर्धा दिवस."

"मग हळू कशी चालू?"

वाचनालयाच्या खोलीत शिरताच आंबूस वास आला. फरशीवर प्लॅस्टिक पसरलं होतं. खोलीच्या मध्ये दोरी बांधून अर्धा भाग वाचकांना ठेवला होता, आणि तिथं सात-आठ माणसं नाकाला रुमाल लावून वर्तमानपत्रं वाचत होती. वास आला म्हणून कुणी घरी गेलं नव्हतं, आणि काय चाललंय असं कुणी विचारलंही नव्हतं.

दाराजवळची तीन पॅनेल पांढरी होती. पांढरी म्हणजे बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी. लाटा होत्या, पण मेलेल्या. बाई पहिल्या पॅनेलसमोर उभ्या राहिल्या. हात लावला नाही. दुसऱ्यासमोर गेल्या. तिसऱ्यासमोर गेल्या. धाकटी सांगते, ताईचं तोंड इतकं गप्प तिने आई गेली तेव्हा पाहिलं होतं आणि नंतर आता.

चौथ्या पॅनेलजवळ स्टुलावर एक माणूस होता. कोपरापर्यंत रबरी हातमोजे. या पॅनेलचं व्हार्निश त्याने खरवडून काढलं होतं. आता ॲसिडच्या बादलीत ब्रश बुडवत होता.

"ब्रश खाली ठेवा," बाई म्हणाल्या.

त्याने पाहिलं. साठी उलटलेली बाई, घरातली साडी, चष्मा डोक्यावर. "काय हो मावशी?"

"ब्रश. खाली. ठेवा."

त्याने ठेवला. नंतर तो म्हणाला, माझी आई अशीच बोलायची, त्यामुळे हाताने आधी ऐकलं आणि डोक्याने मग.

टेबलापाशी एक तरुण सल्लागार बसला होता. जुन्या इमारती कशा दुरुस्त करायच्या हे सांगायला त्याला बाहेरून बोलावलं होतं. त्याच्याजवळ ओल मोजायचं यंत्र होतं आणि वागणं अदबीचं होतं. तो उठून आला.

"काही अडचण आहे का, मॅडम?"

"हे धुवायला कुणी सांगितलं?"

"मी. लाकडाला गंज लागलाय. दाराजवळच्या कोपऱ्यात गळती होती, बघा. मागे लोखंडी पट्ट्या आहेत. कोपऱ्यात काळा डाग होता, तिथं आम्ही हे ॲसिड लावून पाहिलं. डाग गेला. शिवाय आजूबाजूचं राखाडीही गेलं. तेव्हा लक्षात आलं की गंज सगळीकडे पसरलाय." तो जरा अभिमानाने थांबला. "नुसतं अंदाजाने नाही केलेलं. लाकडाचा नमुना तपासायला पाठवला होता. लाकडात लोखंड सापडलं."

"सापडणारच," बाई म्हणाल्या. "मीच घातलंय."

दोरीपलीकडे एक वर्तमानपत्र खाली आलं.

तरुणाला कळेना हसावं की काय करावं. "म्हणजे?"

"हिराकसात. नऊ दिवस. अठ्ठावीस पानं. हा रंग आहे रे बाबा, डाग नव्हे. तुझा कोपऱ्यातला काळा डाग गंजाचा असेल. पण गंज म्हणजे लोखंड आणि माझा रंग म्हणजेही लोखंड. ॲसिडला काय कळतंय कुठलं घाण आणि कुठलं घातलेलं? त्याने दोन्ही खाल्लं. ॲसिडला नाही कळलं, मी समजू शकते. तुला?"

तो काही बोलणार, एवढ्यात आतल्या खोलीतून इमारतीचे साहेब बाहेर आले. वाचनालयाचं सगळं नूतनीकरण त्यांच्याकडे होतं. अंगावर कडक इस्त्री, हातात फाइल.

"काय गडबड आहे? आजी, तुम्ही दोरीच्या पलीकडे बसा बरं. इथं ॲसिड आहे."

"मी तुमची आजी असते तर एव्हाना कान धरला असता," बाई म्हणाल्या. "हे लाकूड मी रंगवलंय. त्याला हात लावायचा नाही."

साहेबांनी सल्लागाराकडे पाहिलं. सल्लागाराने पायाकडे पाहिलं.

"तुम्ही रंगवलंय," साहेब म्हणाले. "बरं. त्याचा काही कागद?"

"कसला कागद?"

"ऑर्डर, करारपत्र, काहीतरी. दारावरच्या पाटीवर देणगीदारांचं नाव आहे, आराखडा काढणाऱ्यांचं आहे, कारखान्याच्या मालकांचं आहे. तुमचं कुठंय?"

"टाकीवर काम करणाराचं नाव पाटीवर कधी असतं का हो? तुमच्या घराला रंग देणाराचं नाव माहितीये तुम्हाला?"

"तेच म्हणतोय मी. उद्या कुणीही उठून येईल आणि म्हणेल, ही फरशी माझी आहे."

धाकटी पुढे झाली. "कुणीही म्हणजे? ही एकोणचाळीस वर्षं त्या टाकीत हात घालून बसली होती. तुम्ही तेव्हा पाढे चुकत होतात, मला आठवतं. मीच तपासायची वह्या."

साहेबांचे कान लाल झाले. हे खरं होतं की नाही कुणाला ठाऊक. धाकटीने गावातल्या अर्ध्या लोकांच्या वह्या तपासल्या होत्या, आणि उरलेल्या अर्ध्यांवर ती हे वाक्य बिनदिक्कत वापरायची.

"आणि बाई, रंग म्हणता तर मग तो हिरवट कसा?" साहेबांनी पॅनेलकडे बोट केलं. "शेवाळं चढल्यासारखा. हा काय कुणी मुद्दाम दिलेला रंग आहे?"

हे मात्र बाईंना लागलं.

"नव्हता हिरवट. चांदीसारखा होता. या लाकडाला उजेड लागतो. दहा-पंधरा वर्षांत चांदी उतरते, मग हिरवट झाक येते, मग थोडी तपकिरी. ते म्हातारं होतं. सडत नाही. माणसाचे केस पिकले तर तुम्ही त्याचं डोकं ॲसिडने धुता का?"

स्टुलावरचा माणूस हसला आणि लगेच खोकला.

"हे सगळं तुमचं म्हणणं झालं," साहेब म्हणाले. "आमच्याकडे तपासणीचा कागद आहे."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. बाईंची मस्तकात गेली आणि तिथं गार झाली. चिडल्या की त्या हळू बोलतात. कारखान्यात त्यांचा आवाज उतरला की लोक पाणी प्यायला निघून जात.

"ओलं फडकं द्या," त्या स्टुलावरच्या माणसाला म्हणाल्या.

त्याने दिलं. बाईंनी चौथ्या पॅनेलच्या कडेवरून ते एकदा फिरवलं. ओलं झालं की लाकूड खरं बोलतं. राखाडी रंग गडद झाला, आणि त्याच्या आत, काठापासून दोन बोटांवर, एक केसाएवढी पांढरी रेघ उठली. वरपासून खालपर्यंत सरळ. कोपऱ्यात काटकोनात वळलेली. चारी बाजूंनी.

"ही काय आहे?"

सल्लागार जवळ आला. "मला ती जोड वाटली होती. व्हार्निशखाली पिवळट दिसायची."

"जोड नाही. त्याच झाडाची, न बुडवलेली पट्टी आहे. बारीक चिरून बसवलेली. रेघेच्या अलीकडे राखाडी, पलीकडे राखाडी, मध्ये रेघ पांढरी. तुझा गंज भिंतीभर पसरला, चौदा पॅनेलवर पसरला, आणि या रेघेपाशी आला की उडी मारून पलीकडे गेला? गंजाला रेघ कळते का?"

सल्लागाराने रेघेवरून नख फिरवलं.

"आणि त्या तीन पॅनेलवरची रेघ दाखव बघू मला."

ती नव्हती. असून नव्हती. पांढऱ्यात पांढरी बुडाली होती.

रबरी हातमोजेवाला खाली उतरला. "मला दिसली होती ती," तो म्हणाला. "दुसऱ्या पॅनेलला. मी म्हटलं पण साहेबांना, की इथं काहीतरी नक्षी दिसतेय. तर म्हणाले, तू हात चालव."

"मी असं म्हणालो?" साहेब म्हणाले.

"दोनदा."

पण साहेब असे तसे हरणारे नव्हते. रेघ म्हणजे रेघ, त्यांनी ठरवलं. "समजा आधी हलकासा रंग असेल. त्यावर ओल आली, गंज चढला. ओल तर भिंतीतून आलीच आहे. यंत्राने दाखवलंय."

"भिंतीतून आली?"

"भिंतीतूनच."

"म्हणजे मागून पुढे."

"अर्थात."

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. चौथ्या आणि पाचव्या पॅनेलच्या मध्ये विजेच्या बटणांचा चौकोन होता. "हा खोला."

"लाइट चालू आहे त्यात!"

"मग बंद करा. तेवढं येत असेल ना तुम्हाला."

हातमोजेवाल्याने मुख्य बटण खाली केलं, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि साहेबांनी हो म्हणायच्या आत दोन स्क्रू काढले. चौकोन बाहेर आला. भोकाच्या कडेला लाकडाची कापलेली धार दिसत होती. मागे जाड फळी, पुढे चिकटवलेलं पातळ पान. बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि बाजूला झाल्या.

"तूच बघ," त्या सल्लागाराला म्हणाल्या. "तुझे डोळे तरुण आहेत. मागची फळी कशी आहे?"

त्याने मोबाइलचा उजेड पाडला. बराच वेळ पाहिलं. "कोरडी. पांढरी."

"डाग?"

"एकही नाही."

"आणि पुढचं पान?"

"राखाडी." त्याने मोबाइल आणखी जवळ नेला. "आरपार. या बाजूपासून त्या बाजूपर्यंत."

"म्हणजे तुझी ओल भिंतीतून आली, जाड फळीला न शिवता तिच्यातून पुढे गेली आणि नखाएवढ्या पानात जाऊन बसली. काय पण शहाणी ओल."

सल्लागार वळला. चेहरा पडला होता, पण सरळ साहेबांकडे पाहून बोलला. "यांचं बरोबर आहे. चूक माझी आहे. काम थांबवायला हवं."

इथं खरं तर गोष्ट संपायला हवी होती. चूक कळली, कबूल झाली, हात थांबले. शहाण्या माणसांच्या जगात इथंच संपली असती.

साहेबांनी फाइल उघडली, मिटली. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "ठीक आहे. मान्य. रंग होता. पण आता तीन पांढरी झालीत. अकरा राखाडी आहेत. पुढच्या आठवड्यात उद्घाटन आहे, पाहुणे येणार. असं अर्धवट कसं दिसेल? एकसारखं दिसायला हवं. आता उरलेली अकराही धुऊन घेऊ. म्हणजे प्रश्नच मिटला."

बाईंना आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. गणित शिकवलेली धाकटीसुद्धा हिशेब लागेना म्हणून आ वासून उभी होती. म्हणजे तीन खून चुकून झाले, तर बरं दिसावं म्हणून अकरा मुद्दाम करायचे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, इथपर्यंत माणूस ऐकून आहे. इथं तर औषध चुकलं म्हणून बाकीचे रेडेही मारायला निघाले होते.

"नाहीतर तुम्ही ती तीन परत रंगवून द्या," साहेब उदारपणे म्हणाले.

"भिंतीवर?"

"हो. काय हरकत आहे?"

"ब्रशने दिला तर वर बसेल. पहिल्यांदा पुसलं की जाईल. बुडवायचं तर पान फळीला चिकटवलंय, डिंक सुटेल. आणि दिला जरी, तरी तो आजचा रंग असेल, चांदीसारखा. बाकीच्या अकरांवर एकतीस वर्षांचा उजेड पडलाय. तो कुठून आणू? दुकानात मिळतो?"

"मग मी म्हणतो तेच बरं. धुऊन टाकू."

बाईंनी वाचकांच्या बाजूची एक खुर्ची ओढली. दोरीखालून आणली. चौथ्या पॅनेलला पाठ लावून ठेवली आणि तीत बसल्या. पाय जमिनीला नीट टेकेनात, तर धाकटीने कोशाचा एक जाड खंड आणून खाली सरकवला. ग्रंथपालबाई लांबून "अहो, तो संदर्भाचा..." म्हणाल्या आणि पुढे काही म्हणाल्या नाहीत.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"बसलेय. सार्वजनिक वाचनालय आहे ना?"

"काम अडतंय."

"म्हणूनच बसलेय."

साहेब हातमोजेवाल्याकडे वळले. "तू पाचव्यापासून घे."

त्या माणसाने बादली भिंतीपासून लांब सरकवली. मग त्याने हातमोजे काढले. आधी डावा, मग उजवा. झटकले आणि बादलीच्या कडेवर वाळत घातले. "साहेब, मी डाग काढतो," तो म्हणाला. "डाग दाखवा, आत्ता काढतो. हा डाग नाही. मघाशी सगळ्यांसमोर ठरलं."

"तुला विचारलंय कुणी?"

"नाही विचारलं. म्हणून तर तीन गेली."

दोरीपलीकडे आता एकही वर्तमानपत्र उघडं नव्हतं. साहेबांनी तिकडे पाहिलं. सल्लागाराने आपल्या टेबलावरचा अहवाल उचलला, शेवटचं पान काढलं, त्यावर काहीतरी खोडलं आणि सही केली. "मी धुवायची शिफारस मागे घेतोय," तो म्हणाला. "लेखी."

साहेब खुर्चीत बसले. थकल्यासारखे. चिडलेला माणूस एकटा पडला की थकतो.

"बरं. अकरा राहू देत. मी कामाच्या आदेशात लिहितो." त्यांनी पेन काढलं आणि लिहून वाचून दाखवलं. "अकरा पॅनेल आहेत त्या स्थितीत जतन करावीत. तीन पॅनेल ओलीमुळे खराब झाली."

"ओलीमुळे?" बाई म्हणाल्या.

"अहो, सरकारी कागद आहे. असंच लिहितात."

"ओलीने नाही झाली. तुम्ही ॲसिडने धुतली."

"काय फरक पडतो आता? तुमची अकरा वाचली ना?"

"पडतो. उद्या तुम्ही बदलून जाल. मी मरेन. दहा वर्षांनी दुसरा कुणी साहेब येईल, हा कागद वाचेल. ओलीने लाकूड खराब होतंय म्हणेल आणि उरलेली अकरा उपटून टाकेल. कागद बोलतो, मी नाही. मघाशी तुम्हीच सांगितलंत."

साहेबांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं.

"लिहा. लाकूड हिराकसात बुडवून रंगवलेलं आहे. रंग पोटापर्यंत आहे. वयाने हिरवट होतो, तो रोग नाही. गंजाचं ॲसिड लावायचं नाही. तीन पॅनेल ॲसिड लावल्यामुळे पांढरी पडली. लावलं कुणी, तेही लिहा. म्हणजे या कार्यालयाने. माझं नाव नको मला त्यात. तुमचं नाव घाला असंही म्हणत नाही. पण ओलीचं नाव घालू नका. तिने काही केलेलं नाही."

त्यांनी लिहिलं. खोडलेली ओल कागदावर तशीच दिसत राहिली. सही केली, शिक्का मारला, शिक्का जरा जास्तच जोराने. बाईंनी कागद घेऊन दोनदा वाचला. एक प्रत मागितली. प्रत काढायचं यंत्र बंद आहे असं साहेब म्हणाले. बंदच होतं, कारण हातमोजेवाल्याने वीज घालवली होती. त्याने चौकोन परत बसवला आणि जाऊन बटण वर केलं. खोलीत दिवे आले.

सल्लागार प्रत घेऊन आला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. "मी तुमच्याकडून हे शिकायला येऊ का?" असं विचारून झालं तेव्हा त्यालाच ते उशिरा वाटलं असावं.

"दात चांगले आहेत का?" बाईंनी विचारलं.

"दात?"

"ये. मग सांगते."

दिवे लागल्यावर ती तीन पॅनेल आणखीच वाईट दिसली. अकरांवर लाटा सरकत होत्या, हिरवट, जुन्या, सावकाश. दारापाशी मात्र तीन कोरे चौकोन होते. बाई त्यांच्याजवळून जाताना थांबल्या. काही सापडत नाही हे माहीत असून त्यांनी पहिल्याची कड अंगठ्याने चाचपली. रेघ बोटाला लागली. डोळ्याला दिसली नाही.

दोरीजवळच्या खुर्चीतले एक आजोबा मघापासून ऐकत होते. चष्मा पुसून त्यांनी मोठ्या आपुलकीने सांगितलं, "पण बाई, खरं सांगू? राग मानू नका. त्या पांढऱ्याने बरं वाटतं हो. वाचायला उजेड पडतो."

हिराकसबाई वळल्या. चष्मा पुन्हा डोक्यावर गेला.

"उजेड हवा असेल तर खिडकीशी बसा," त्या म्हणाल्या. "ती तुमच्या मागेच आहे."